बुवांच्या मोबाईलमधला पखवाज

आषाढी होऊन गेल्यावरच्या रविवारी तासाभरात मला दोन फोन आले. पहिला दिराचा, कोल्हापूरला जाताना गाडीतून. "वहिनी, अभंग छान झालाय, पण पखवाज जरा कमी करा. गाडीची दारं थरथरायला लागलीत, शब्दच कळेनात." दुसरा आमच्या भजनी मंडळाच्या बुवांचा. बुवा पंचाहत्तरीचे. मोबाईल कानाला लावत नाहीत, तळहातावर आडवा धरून ऐकतात. म्हणाले, "पोरी, गळा झ्याक आलाय. पण पखवाज कुठं गेला? वाजवणारा तर येऊन वाजवून गेला हुता की."

मी रेकॉर्ड करून पाठवलेली फाईल एकच होती. तरी एकाला पखवाज सोसवेना आणि दुसऱ्याला सापडेना. दोघांतल्या कुणाचातरी स्पीकर बिघडला असेल, असंच मला आधी वाटलं. दोघांचंही बरोबर होतं आणि दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच जागी होतं, हे उमगायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी मिक्सिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांत जुळवण्याबद्दल जे शिकले, ते आधीच्या चार वर्षांत शिकले नव्हते. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

मी मिरजेत राहते. दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आणि रात्री नऊनंतर माडीवरच्या खोलीत रेकॉर्डिंग. खोली बारा फूट लांब, आठ फूट रुंद, दहा फूट उंच. जाड विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी. टेबलावर यामाहा एचएस५ मॉनिटरची, म्हणजे मिक्सिंगसाठीच्या स्पीकरची जोडी, सोनीचे एमडीआर-७५०६ हेडफोन, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा स्कार्लेट इंटरफेस आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. दोन मॉनिटर आणि माझं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. पुस्तकात सांगतात तसं सगळं मांडलेलं. आषाढीआधी मंडळाचे पाच अभंग इथंच रेकॉर्ड केले. पखवाज एकदा, टाळकरी एकदा, बुवा एकदा, कारण आठ फुटांत सगळे एकदम मावत नाहीत.

लॅबमध्ये आमचा एक नियम आहे. सकाळी मशीन सुरू केलं की पेशंटचं रक्त लावायचं नाही, आधी कंट्रोल सॅम्पल चालवायचं. त्याचा आकडा आधीपासून माहीत असतो. मशीननं तो बरोबर दाखवला तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास. दोन फोनांनंतरच्या रात्री मला वाटलं, की या खोलीत मी कंट्रोल कधी लावलंच नाही. मॉनिटर चांगला आहे म्हणून जे ऐकू येतं ते खरं, असं धरून चालले होते.

मग रीपरमध्ये टोन जनरेटर लावला. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा, म्हणजे कणीक लावलेल्या बाजूचा ठोका ॲनलायझरवर, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर पाहिला, तर त्याचा सगळ्यात उंच डोंगर ७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांच्या आसपास होता. मग फक्त डावा मॉनिटर चालू ठेवला आणि ७० हर्ट्झचा अखंड सूर लावला. माझ्या खुर्चीत तो जेमतेम होता. मान डावीकडे भिंतीकडे नेली तसा तो वाढत गेला, भिंतीला कान लावला तर छाती भरून आली. परत मध्ये आले की गायब. उजव्या भिंतीकडेही तेच. उजवा मॉनिटर एकटा लावला तरी तेच. दोन्ही मिळून लावले तरी खुर्चीत तो सूर पातळच.

हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, ती तिथंच अडकून उभी राहते. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. ३४३ ला त्याच्या दुपटीनं भागलं की येतात ७०. अशा उभ्या लहरीचा जोर दोन्ही भिंतींपाशी सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. मी चार वर्षं टेप लावून, मोजून, बरोबर मधोमध बसत होते. पखवाजाचा मूळ सूर आणि माझ्या खोलीची रुंदी यांची गाठ अशी पडली होती, की खोलीतल्या सगळ्या जागांमध्ये तो सूर जिथं कमीत कमी ऐकू येतो, तिथंच माझी खुर्ची होती.

ऐकू येत नव्हता म्हणून मी तो वाढवला होता. इक्वलायझर, म्हणजे एकेका पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करायची सोय, उघडून पाहिलं, ७० वर ६ डेसिबल चढवलेले. गाडीच्या बंद डब्यात त्या सहा डेसिबलनी दारं हलवली. आणि बुवांच्या मोबाईलचा स्पीकर नखाएवढा, त्याला ७० हर्ट्झ वाजवताच येत नाही. मी सगळी मेहनत जिथं ओतली, तो भाग त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. बाकीचा पखवाज मी मागंच ठेवलेला होता, कारण खालचा भाग भरपूर झालाय असं मला वाटत होतं.

भिंतीला गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे लावून हे सुटत नाही, एवढं इथं सांगून टाकते, कारण मला विचारणारे निम्मे लोक तिथूनच सुरुवात करतात. ७० हर्ट्झची एक लहर जवळजवळ पाच मीटरची असते. दोन इंची ट्रेला ती जुमानत नाही. मी कोपऱ्यांत रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे जाड गठ्ठे उभे केले, खुर्ची मधून जवळपास फूटभर बाजूला सरकवून पखवाज तपासायची सवय लावली. थोडा फरक पडला. पण सासऱ्यांनी बांधलेल्या घराच्या भिंती मी हलवू शकत नाही. ही खोली जे सांगत नाही, ते दुसऱ्या कुणालातरी विचारायचं, हाच मार्ग उरतो.

आमच्या गल्लीत सतारमेकर काका आहेत. त्यांच्या घरी तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. मोठ्या स्टुडिओंमध्ये ऑराटोन कंपनीची छोटी चौकोनी खोकी असायची, एकाच स्पीकरची. घरच्या रेडिओवर गाणं कसं वाजेल ते त्यावर पाहायचे. मला तसं खोकं हवं होतं. जुन्या बाजारातून चार इंची फुल-रेंज स्पीकर आणला आणि काकांकडे गेले. खोकं बंद हवं, कुठून हवा जाता कामा नये, आणि लाकूड अजिबात घुमता कामा नये, असं सांगितलं. काका हसले. "आयुष्यभर लाकूड बोलतं करत आलो, आणि तू म्हणतेस ते गप्प बसवून दे." भोपळा असो की तूण, ते हाताच्या पेरानं ठोकून कानाला लावल्याशिवाय घेत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी अठरा मिलिमीटरच्या प्लायचं खोकं केलं, आत आडव्या पट्ट्या मारल्या आणि घोंगडीचा तुकडा कोंबला. मग तसंच पेरानं ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "मेलं बघ आता हे."

त्या खोक्यावर पहिला अभंग लावला तेव्हा काका माडीवरच होते. मी पखवाजाकडे कान लावून बसलेले. चार ओळी झाल्यावर काका म्हणाले, "तंबोरा कुणाचा?"

"तुमचाच की काका. मागच्या वर्षी जवारी काढून दिलेला."

"माझा नव्हं. ह्याची जवारी बंद झालीया. नाकातनं वाजतोय."

जवारी म्हणजे तार घोडीला लागून तंबोऱ्याला येते ती झणकार. मी मॉनिटरवर लावून दाखवला. तिथं तंबोरा दोन्ही बाजूंना पसरून छान भरलेला वाटत होता. काकांनी ऐकलं, मान डोलावली, आणि परत खोक्याकडे बोट केलं. "इथं बंद आहे."

मग माझ्या लक्षात आलं. मी तंबोरा एकदाच रेकॉर्ड केला होता. तो रुंद वाटावा म्हणून त्याचीच एक प्रत १२ मिलिसेकंद उशिरा उजवीकडे टाकली होती. दोन स्पीकरवर त्यानं रुंदी येते. पण एकाच स्पीकरमध्ये दोन्ही प्रती एकत्र आल्या की काही सूर एकमेकांना मारतात. १२ मिलिसेकंदांच्या फरकात दर ८३ हर्ट्झला एक खड्डा पडतो, कंगव्याच्या दातांसारखा, वरपर्यंत. आणि तंबोऱ्याचा सगळा जीव वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सुरांत असतो. घोडी कानशीनं घासून, तारेखाली सुती दोरा केसभर पुढंमागं सरकवून काका दोन-दोन दिवस जे उघडतात, ते मी एका बटणानं मिटवलं होतं. काकांना कंगवा माहीत नाही, मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून ऐकणं, माहीत नाही. त्यांनी फक्त जवारी ऐकली आणि नेमका दोष सांगितला.

उपाय सरळ होता. तंबोरा दोनदा वाजवून घेतला, एक डावीकडे, एक उजवीकडे. हाताचं छेडणं दोन्ही वेळा वेगळं, त्यामुळे एकत्र आले तरी एकमेकांना खात नाहीत. तेव्हापासून मी अर्धाअधिक मिक्स त्या एका खोक्यावरच करते. शब्द आणि टाळ, पखवाज आणि पेटी यांचं एकमेकांशी नातं तिथं जितकं स्पष्ट कळतं तितकं मॉनिटरवर कळत नाही. लपायला डावं-उजवं नसतं.

माझ्या मॉनिटरचे पांढरे पडदे पाहून विचारणारे भेटतात, म्हणून थोडं विषयांतर. हा रंग आला यामाहाच्याच एनएस-१० या स्पीकरवरून. १९७८ मध्ये तो घरी गाणं ऐकायला म्हणून निघाला, घरांत फारसा चालला नाही, पण जगभरच्या स्टुडिओत जाऊन बसला. २००१ मध्ये बंद झाला तरी अजून लोक सांभाळून ठेवतात. गोड वाजतो म्हणून नव्हे. मधल्या पट्ट्यातलं, म्हणजे गळ्याच्या पट्ट्यातलं जे काही खटकणारं असेल ते तो पुढं आणून ठेवतो, आणि त्याच्या बंद पेटीतला खर्ज लोंबकळत राहत नाही, ठोका संपला की संपतो. म्हणून मोठ्या स्टुडिओतही एकाच जोडीवर कुणी भागवत नसत. मोठे भिंतीतले स्पीकर वेगळे, हा वेगळा, ऑराटोनचं खोकं वेगळं.

आता बुवांचा मोबाईल. तंबोऱ्याचा खर्ज मोबाईलवरही खर्ज वाटतो, पखवाजाचा घुमारा मात्र नाहीसा होतो, असं का, हा प्रश्न मला छळत होता. दोन्हींचा तळाचा सूर तर मोबाईल वाजवतच नाही. उत्तर जवारीतच होतं. तारेच्या सुराची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी वरची सगळी पायरी शाबूत ऐकू आली, की मेंदू खालची पहिली पायरी आपणहून धरतो. तंबोरा वरच्या पायऱ्यांनी गच्च भरलेला असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावली की आवाज खोल आणि गोल होतो, पण वर फारसं काही उरत नाही. उजव्या शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या तोंडाचं तसं नसतं. शाईमुळे चामड्याचे वरचे सूर पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं आहे. म्हणून बुवांना मोबाईलवर 'ता' ऐकू येत होता आणि 'धा' अर्धाच येत होता. पखवाज गेला असं त्यांना वाटलं, ते बरोबरच होतं. ठेक्याचा डावा पाय गेला होता.

मग मी डाव्या तोंडाचा ट्रॅक दुसऱ्यांदा ठेवला, त्याच्यावर सॅच्युरेशन लावलं. जुन्या टेपवर आवाज जरा जास्त भरला की जशी गरम कड येते, तसं. त्यानं ७० च्या वर १४०, २१०, २८० आणि पुढचे सूर तयार होतात. त्या ट्रॅकचा १२० खालचा भाग कापून टाकला आणि तो मूळ पखवाजाच्या पोटात हलकेच मिसळला, मॉनिटरवर वेगळा कळणार नाही इतकाच. तळव्याची थाप जिथं चामड्याला लागते, तो टक्क आवाज दीड हजार हर्ट्झच्या आसपास होता, तो दोन डेसिबल उचलला. आणि ७० वरचे सहा डेसिबल काढून टाकले. गाडी आणि मोबाईल, दोघांचंही औषध एकच निघालं.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे थोर गवई आमच्या मिरजेत राहिलेले. त्यांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या मोबाईलवर लावून पाहा. काही हरवत नाही. त्या ध्वनिमुद्रणात मुळात तळही नव्हता आणि अगदी वरचं टोकही नव्हतं, जे होतं ते मधल्या अरुंद पट्ट्यात, आणि तेवढ्यात गळ्याचा सगळा जीव आलेला आहे. त्या रात्रीपासून माझी कंट्रोल सॅम्पल तीच. कुठल्याही नव्या स्पीकरवर आधी खाँसाहेबांची एक तबकडी, मग मला तोंडपाठ असलेलं एक अलीकडचं भजन, आणि मगच माझं मिक्स. तिन्हींचा आवाज मापून सारखा करते. ही गोष्ट फार लोक करत नाहीत. एखादं डेसिबल जास्त असलं तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो. शिवाय हळू आवाजात खर्ज आपोआप कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून मांडलं आहे. रात्री घरातले झोपले म्हणून हळू ऐकत मिक्स केलं की सकाळी पखवाज हमखास जास्त निघतो. म्हणून खालच्या पट्ट्याचे निर्णय मी आता रविवारी दुपारी घेते, ठरलेल्या एकाच आवाजात.

फेरी अशी असते. मॉनिटर, काकांचं खोकं, हेडफोन, बुवांसारखाच मोबाईल तळहातावर. मग स्वयंपाकघरातला ब्लूटूथ स्पीकर, तोही आईंचा मिक्सर चालू असताना. मिक्सरच्या आवाजात शब्द ऐकू आला पाहिजे, कारण बायका भजनं ऐकतात ती कामं करतानाच. मग आमची वॅगनआर, एकदा उभी आणि एकदा सांगली रस्त्यावर साठच्या वेगानं. रस्त्याची घरघर खालचं सगळं झाकते, त्यामुळे उभ्या गाडीत जास्त वाटणारा पखवाज धावत्या गाडीत बरोबर वाटतो. मी दोन्हींच्या मधलं धरते. आणि स्वस्त इअरफोन, फक्त टाळांसाठी. बारा टाळकऱ्यांचा किणकिणाट मॉनिटरवर मंजुळ असतो आणि शंभर रुपयांच्या इअरफोनवर दाढेत जातो.

फेरी चालू असताना एकही बटण हलवायचं नाही. वही घ्यायची, कुठं काय खटकलं ते लिहायचं, आणि सगळं ऐकून झाल्यावर बसायचं. मी आधी गाडीतून यायचे आणि गाडीसाठी दुरुस्त करायचे, मग मोबाईलवर बिघडायचं, मग ते दुरुस्त करायचे. रात्रभर तेच. आता जी तक्रार एकाच ठिकाणी येते ती मी सोडून देते, तो त्या स्पीकरचा स्वभाव. दोन ठिकाणी आली, किंवा पखवाजासारखी दोन ठिकाणी उलटसुलट आली, तर दोष माझा. वहीतल्या त्या दोन फोनांच्या पानावर तारखेखाली दोनच ओळी आहेत: "गाडी – प. फार. मोबा. – प. नाही."

शेवटची जागा देवळावरचा कर्णा. कोजागिरीला काकड आरती सुरू होते ती त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. आमच्याकडे पहाटे पाचला मंडळी तशीच तोंडी म्हणतात, कर्णा सहा वाजल्यानंतरच लावतात. बुवांनी सांगितलं, सहाला आपला अभंग लावू. मी आदल्या संध्याकाळी जाऊन ऐकून आले होते. एक कर्णा शिखराजवळ, दुसरा चौकातल्या खांबावर, मध्ये साठ-सत्तर मीटर. देवळासमोर उभं राहिलं की चौकातला आवाज साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शानं मागून येतो. गावच प्रतिध्वनी देतंय, त्यात मी बुवांच्या गळ्यावर आणखी घुमारा घातला तर शब्दांचा लगदा होणार. कर्ण्यासाठी वेगळी फाईल केली. घुमारा जवळजवळ शून्य, अडीचशे हर्ट्झच्या खालचं काढून टाकलेलं, सगळं मोनो.

सकाळी थंडी होती. बुवा पायरीवर शाल गुंडाळून बसले होते. सहा वाजता मुलानं पेनड्राइव्ह लावला आणि कर्णा बोलायला लागला. पहिला 'धा' पडला तसे बुवांचे दोन्ही हात शालीतून बाहेर आले आणि गुडघ्यांवर ठेका धरायला लागले. डाव्याच्या जागी डावा, उजव्याच्या जागी उजवा. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. दुसरं कडवं आलं तशी बोटं थांबली. बुवांनी मान तिरकी करून ऐकलं, मला जवळ बोलावलं.

"पखवाज घावला पोरी. पण हितं टाळ मागं पडतोय. ते तुझ्या मशीनचं न्हवं, आमचं हाय. पुन्यांदा घेऊया."

गुरुवारी टाळकरी परत येणार आहेत. खोलीतले रॉकवूलचे गठ्ठे जरा सरकवून बारा जणांची जागा करायला हवी.